पेपरात छापून आलेलं सरकारच्या टेबलावर कधी पोचतं?

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा देशभरातले कॅमेरे स्टेशनात गोळा झाले. पण पाणी तुटलंय हे काही त्या दिवशी कळलेलं नव्हतं. धरणांचा साठा जलसंपदा खातं रोज जाहीर करतं, त्यात धनेगावचं मांजरा धरण असतंच. टँकर किती गावांत चालू आहेत त्याचा रिपोर्ट आठवड्याला निघतो. भूजल सर्वेक्षणवाले वर्षातून ठरलेल्या वेळी निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. जिल्ह्याच्या पेपरात आतल्या पानावर हंडा मोर्चाची बातमी असते, आणि दुष्काळ पडायला लागला की हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणीचे बैल पडेल भावात निघायला लागतात हे उदगीरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. ह्यातलं एकही गुपित नाही, कुणाचा फोन चोरून ऐकावा लागत नाही की कुणाला फोडावं लागत नाही. पण धरणाचा आकडा एका खात्याकडं, विहिरीचा दुसऱ्याकडं, टँकरचा तिसऱ्याकडं, पेपरातलं कुणाच्याच फायलीत नाही आणि बैलाचा भाव तर हेड्यालाच, म्हणजे जनावरांच्या दलालालाच माहीत.

अशी उघड्यावर पडलेली माहिती ठरवून गोळा करायची, तपासायची, एकाला एक जोडायची आणि ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्यापर्यंत वेळेत पोचवायची, ह्या कामाला ओपन सोर्स इंटेलिजन्स म्हणतात, थोडक्यात ओसिंट. यूट्यूबवर ओसिंट म्हणजे कुणाचा तरी फोटो टाकून त्याचा पत्ता शोधून काढणं असं दाखवतात, ते बाजूला ठेवा. मला सांगायचंय ते सरकारनं हे काम कसं मांडायचं, कोणत्या खात्यात बसवायचं, त्याला माणसं कोणती लागतात ह्याबद्दल, कारण जगातल्या पैसेवाल्या सरकारांनाही हे ऐंशी वर्षांत नीट बसवता आलेलं नाही.

अमेरिकेच्या 2006 सालच्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात ह्याची एक व्याख्या आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर माहिती सगळ्यांना उपलब्ध असलेली पाहिजे, ती वेळेत गोळा होऊन योग्य माणसाकडं गेली पाहिजे, आणि एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून ती गोळा केलेली पाहिजे. माझ्या मते सगळा जीव ह्या तिसऱ्या गोष्टीत आहे. माहिती अधिकाऱ्याच्या ऑफिसात रोज सकाळी पेपरची कात्रणं कापून साहेबांकडं जातात, ते काम आपल्याकडं वर्षानुवर्षं चालू आहे, पण त्यात बहुतेक वेळा आपल्या खात्यावर टीका कुठं आलीय एवढंच बघतात. प्रश्न ठरलेला नसतो. लातूरच्या मोंढ्यातला आडत्या बघा, ब्राझीलचं सोयाबीन कसं आहे, मध्य प्रदेशात पाऊस कधी पडला, सरकारनं खाद्यतेलाची आयात ड्युटी बदलली का, सगळं त्याला मोबाईलवर फुकटात मिळतं आणि तेच तुम्हाआम्हालाही मिळतं, पण त्याच्या डोक्यात प्रश्न पक्का असतो की आज माल घ्यायचा का चार दिवस थांबायचं, म्हणून त्याच बातमीतून त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

सरकारी पातळीवर हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं ते रेडिओमुळं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसं 1939 मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीनं परदेशी रेडिओ ऐकणारा विभाग काढला. अमेरिकेनं 26 फेब्रुवारी 1941 ला स्वतःची सेवा सुरू केली, तिच्या नावात पुढं बदल होत होत ती फॉरेन ब्रॉडकास्ट इन्फर्मेशन सर्व्हिस झाली, एफबीआयएस. जपानी, जर्मन, इटालियन येणारी माणसं कानाला हेडफोन लावून बसायची, ऐकलेलं उतरवायची, भाषांतर करायची आणि कालच्यापेक्षा आजचा सूर बदललाय का ते बघायची. 6 डिसेंबर 1941 च्या त्यांच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं आहे की जपानी रेडिओचा अमेरिकेबद्दलचा सूर जास्तच भांडखोर झालाय. दुसऱ्या दिवशी जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बर ह्या आरमारी तळावर हल्ला केला. हल्ला कुठं, कधी हे त्यात नव्हतं, रेडिओवरून ते कळणारही नव्हतं, पण दिशा बरोबर पकडली होती आणि असा कागद हातात पडल्यावर कुणी काय करायचं ही साखळीच तेव्हा तयार नव्हती.

ती साखळी तयार असली की काय होतं त्याचं उदाहरण एकवीस वर्षांनंतरचं आहे. ऑक्टोबर 1962, क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आलेलं. तेव्हा मॉस्को आणि वॉशिंग्टनमधला अधिकृत निरोप जायला कित्येक तास लागायचे, म्हणून रशियाचा सर्वोच्च नेता ख्रुश्चेव्हनं क्षेपणास्त्रं काढून घेतो हा आपला निर्णय 28 ऑक्टोबरला सरळ मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवायला लावला. एफबीआयएसनं तो ऐकला, भाषांतर करत करत तुकड्या-तुकड्यानं व्हाइट हाउसला पाठवला, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडीनं अधिकृत मजकूर हातात पडायच्या आधीच उत्तर दिलं, उत्तरात तसं स्पष्ट लिहिलं पण की तुमचं रेडिओवरचं निवेदन ऐकून मी लगेच उत्तर देतोय. जगातली सगळ्यात मोठी बातमी त्या दिवशी कुणालाही रेडिओ लावून ऐकता येत होती. फरक एवढाच की अमेरिकेकडं ती ऐकणारं, समजणारं आणि थेट राष्ट्राध्यक्षापर्यंत फोन लावू शकणारं टेबल होतं.

मग शीतयुद्ध संपलं आणि 1990 नंतर ह्याच सेवेचा पैसा कापायला लागले, माणसं कमी केली, कारण जी माहिती सगळ्यांना मिळते तिच्यावर खर्च कशाला असं वरच्या लोकांना वाटायला लागलं. हा रोग सगळ्या देशांत आहे, कागदावर गोपनीय शिक्का असला की तो दोनदा वाचतात आणि पेपरातलं कात्रण असलं की बाजूला सारतात. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर नेमलेल्या आयोगानं 2004 मध्ये उघड माहितीसाठी स्वतंत्र एजन्सी सुचवली. इराकच्या शस्त्रांबद्दल गुप्तचर यंत्रणा एवढ्या चुकल्या कशा ते तपासणाऱ्या दुसऱ्या आयोगानं मार्च 2005 मध्ये सांगितलं की वेगळी एजन्सी नको, सीआयए ह्या परदेशी हेरगिरी करणाऱ्या संस्थेच्या आतच एक विभाग करा. शेवटी 1 नोव्हेंबर 2005 ला ओपन सोर्स सेंटर निघालं, जुनी एफबीआयएस उचलून त्याच्या पोटात घातली, कागदावर ते सगळ्या गुप्तचर संस्थांच्या संचालकाचं पण बसायला सीआयएमध्ये. 2015 मध्ये परत नाव बदलून ते सीआयएच्या डिजिटल विभागाखाली गेलं. आणि मार्च 2024 मध्ये नवं धोरण आलं त्यात परत तेच, की अठरा संस्था एकच माहिती वेगवेगळी विकत घेतात, एकानं गोळा केलेलं दुसऱ्याला दिसत नाही, ते एकत्र करायचंय.

ही सगळी नावं पाठ करायची गरज नाही, पण त्यामागचं भांडण समजून घेण्यासारखं आहे. गुप्तचर खात्यात बसवलं तर पैसा मिळतो, वरपर्यंत पोच मिळते, पण उघडी माहिती पण कुलुपात जाते. एफबीआयएसची भाषांतरं अनेक वर्षं विद्यापीठांना आणि अभ्यासकांना वर्गणी भरून मिळायची, ती सेवा 2013 च्या शेवटी बंद करून टाकली. वेगळी एजन्सी काढली तर ती जनतेला पण काही देऊ शकते, पण नव्या एजन्सीचं ऐकणार कोण हा प्रश्न राहतो. आणि प्रत्येक खात्यात छोटा छोटा सेल केला तर प्रश्न त्या खात्याचा असल्यामुळं उत्तर कामाचं येतं, पण दोन खात्यांमधल्या फटीत जे पडलंय ते कुणालाच दिसत नाही. मला विचाराल तर तिसरा रस्ता बरा, फक्त फटीत बघणारं एक छोटं टेबल वर हवं, दहा-पंधरा माणसांचं, ज्यांचं काम फक्त सेलमधून आलेलं एकमेकांशेजारी ठेवून बघायचं.

आपल्याकडं ह्या कामाला वाहिलेली, कायद्यानं उभी केलेली अशी एक राष्ट्रीय संस्था नाही. तुकडे मात्र आहेत. ऑल इंडिया रेडिओकडं परदेशी रेडिओ ऐकणारी मॉनिटरिंग सर्व्हिस महायुद्धाच्या काळापासून होती. माहिती आणि प्रसारण खात्याचं टीव्ही चॅनेल बघणारं सेंटर 2008 पासून आहे, पण त्याचा मुख्य उद्देश चॅनेल नियम पाळतात का ते बघणं. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम ह्यांच्या समितीनं दाखवून दिलं की संस्था आपापसात माहिती देत नाहीत आणि सगळ्यांचं एकत्र करून बघणाऱ्या जॉइंट इंटेलिजन्स कमिटीला महत्त्वच दिलं जात नाही. त्यानंतर 2001 मध्ये इंटेलिजन्स ब्युरोत मल्टी एजन्सी सेंटर निघालं, मुंबईवरच्या 26/11 नंतर ते आणखी वाढवलं, पण तो सगळा भर अतिरेकी कारवायांवर.

सगळ्यात चांगलं भारतीय उदाहरण मात्र पोलिसांकडं नाही, आरोग्य खात्याकडं आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात 2008 मध्ये दिल्लीला एक मीडिया स्कॅनिंग सेल सुरू झाला. तिथं देशभरातल्या बातम्यांमधून साथीच्या, विषबाधेच्या बातम्या शोधतात आणि त्या त्या जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षाला विचारतात की हे खरं आहे का, तुम्ही काय करायलात. म्हणजे वरून आदेश सोडायच्या आधी खालून खात्री करून घेतात. आता ह्या कामात कॉम्प्युटरनं भारतीय भाषांतल्या बातम्या चाळायची पण सोय आलीय.

हे काम आतून कसं चालतं ते आपल्याकडच्या बातमीवर करून बघू. समजा नवरात्रात परभणीच्या आवृत्तीत आतल्या पानावर तळाला चार ओळी आहेत, अमुक गावात भगर खाल्ल्यानंतर तीस-चाळीस जणांना चक्कर, उलट्या, मळमळ, प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार सुरू, प्रकृती स्थिर. अशा बातम्या आपल्याकडं उपवासाच्या दिवसांत येतच असतात, वाचणारा पान उलटतो. टेबलावरच्या माणसानं आधी बघायचं की गाव नक्की कुठलं, कारण पिंपळगाव, वडगाव, पिंपरी नावाची गावं तालुक्या-तालुक्यात आहेत. मग ही घटना कधीची, बातमी आज छापली म्हणजे आज झालं असं नसतं, तालुक्याच्या वार्ताहरानं रात्री पाठवलेली बातमी जागा नसली की एक दिवस मागं पडते. चाळीस हा आकडा कुणी सांगितला, डॉक्टरनं का गावातल्या कुणी. तीच बातमी तीन पेपरांत आणि पाच पोर्टलवर दिसली म्हणजे आठ साक्षीदार झाले असं नाही, शब्दन् शब्द सारखा असेल तर लिहिणारा एकच आहे आणि तो एकच धरायचा. ही चूक लैच होते, विशेषतः मशीननं मोजलं की, कारण मशीनला आठ दिसतात.

आता खरी गंमत पुढं आहे. त्याच दिवशी हिंगोलीच्या आवृत्तीत औंढ्याकडच्या एका गावची अशीच तीन ओळींची बातमी आहे आणि नांदेडच्या आवृत्तीत हदगावकडची. परभणीचा अधिकारी परभणीची आवृत्ती वाचतो, हिंगोलीचा हिंगोलीची, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याकडं एका गावात थोडं झालंय, आटोक्यात आहे. तिन्ही शेजारी ठेवणाऱ्याला मात्र लगेच प्रश्न पडतो की ह्या तिन्ही गावच्या किराणा दुकानदारांनी भगर कोणत्या ठोक व्यापाऱ्याकडून उचलली, आणि तो प्रश्न दुपारी बारापर्यंत अन्न व औषध प्रशासनाच्या इन्स्पेक्टरला विचारला तर संध्याकाळचा फराळ व्हायच्या आधी उरलेली पोती थांबवता येतात. तिन्ही बातम्या पाच-सात रुपयांच्या पेपरात छापलेल्या, कुणीही वाचाव्यात. इंटेलिजन्स तयार झाली ती त्या जोडण्यात आणि त्या बारा वाजेपर्यंतच्या फोनमध्ये.

तपासायची एक जुनी, सैन्यातून आलेली पद्धत आहे, नाटो देशांत अजून वापरतात. सांगणारा किती भरवशाचा त्याला ए ते एफ अशी श्रेणी, आणि सांगितलेली गोष्ट किती खरी वाटते त्याला एक ते सहा असा आकडा, दोन्ही वेगवेगळे. का, तर नेहमी खरं बोलणारा माणूस पण ऐकीव गोष्ट सांगू शकतो, आणि एरवी वाट्टेल ते टाकणाऱ्या फेसबुक पेजवर एखादा फोटो अगदी खरा निघतो. आपण बहुतेकदा माणूस बघून गोष्ट खरी-खोटी ठरवतो, सरकारी ऑफिसात तर हुद्दा बघून.

कॅनडाची गोष्ट ह्या बाबतीत प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यानं वाचावी अशी आहे. त्यांनी 1997 मध्ये जगभरच्या बातम्यांमधून साथी हुडकणारं नेटवर्क सुरू केलं, नाव जीपीएचआयएन. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात काहीतरी श्वसनाचा आजार पसरतोय ह्याच्या बातम्या त्यांनी 2002 च्या नोव्हेंबरमध्येच पकडल्या, पुढं तोच सार्स निघाला. जागतिक आरोग्य संघटनेला त्यांचा मोठा आधार होता. पण नंतरच्या वर्षांत अलर्ट पाठवायचा तर वरिष्ठांची मंजुरी घ्या असं झालं. मंजुरीच्या त्या सहीनं काम सुस्त झालं. डिसेंबर 2019 च्या शेवटी वुहानच्या बातम्या त्यांच्या नजरेस पडल्या, रोजच्या रिपोर्टमध्ये त्या गेल्याही, पण वेगळा अलर्ट निघालाच नाही, हे तिथल्या ऑडिटर जनरलनं मार्च 2021 च्या अहवालात लिहिलंय. आणि त्याच वेळी प्रोमेड नावाच्या, डॉक्टर-संशोधक मिळून चालवत असलेल्या सेवेनं 30 डिसेंबर 2019 ला वुहानच्या न्यूमोनियाची सूचना जगभर पाठवली होती. दोघांना दिसलं ते एकच, एकाकडं पाठवायचा अधिकार टेबलावर होता आणि दुसऱ्याकडं तो दोन मजले वर होता.

आता दुसरी बाजू, आणि ही मला तेवढीच महत्त्वाची वाटते. उघड्यावर आहे म्हणून सरकारनं सगळं उचलावं का? 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भटक्या समाजाच्या माणसांना ठेचून मारलं. त्याआधी कित्येक दिवस तशा अफवा व्हॉट्सअपवर फिरत होत्या. असं काही झालं की लगेच मागणी येते की पोलिसांनी सगळ्या ग्रुपवर नजर ठेवावी. पण व्हॉट्सअपचा ग्रुप ही सार्वजनिक जागा नाही. खोट्या नावानं त्यात घुसणं म्हणजे हेरगिरी झाली, तिला वेगळी परवानगी आणि वेगळी जबाबदारी लागते. जे खरंच उघड होतं ते म्हणजे अफवेचे सार्वजनिक व्हिडिओ, पेपरात आलेल्या आधीच्या मारहाणीच्या बातम्या, बाजारात चाललेलं बोलणं, आणि तेवढ्यावरूनही कोणत्या पट्ट्यात दवंडी द्यायची, आठवडी बाजाराला बंदोबस्त कुठं लावायचा हे ठरवता येतं.

केंद्र सरकारनं 2018 मध्येच सोशल मीडिया कम्युनिकेशन हब नावाची योजना आणली होती, लोक ऑनलाइन काय बोलतात ते जिल्हा पातळीपर्यंत गोळा करायची. सुप्रीम कोर्टानं सुनावणीत म्हटलं की हे पाळत ठेवणारं राज्य तयार केल्यासारखं होईल, आणि ऑगस्टमध्ये सरकारनं ती मागं घेतली. त्याच्या एक वर्ष आधी, 24 ऑगस्ट 2017 ला, नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र माणसानं स्वतःच जाहीर केलेली माहिती कायद्याच्या बाहेर ठेवलीय. इथं काळजी वाटायला पाहिजे. एका शेतकऱ्यानं मोर्चाचा फोटो टाकला, त्याच्या गावच्या यादीत कर्जमाफीचं नाव आहे, सातबारा ऑनलाइन आहे, पोराच्या लग्नाची पत्रिका फेसबुकवर आहे. प्रत्येक गोष्ट वेगळी असताना कुणाला काही नाही, पण एकाच फायलीत लावली की त्या माणसाचं सगळं आयुष्य एका कारकुनाच्या हातात येतं. म्हणून प्रश्न आधी ठरवायचा म्हटलं ते ह्यासाठी पण. प्रश्न टँकरचा, साथीचा, अफवेचा असेल तर गावं आणि आकडे पुरतात, माणसाचं नाव लागत नाही. नाव लागायला लागलं की ते काम ह्या टेबलाचं राहिलं नाही, ते कायद्यानं पोलिसांकडं जाऊ द्या आणि त्याची लेखी नोंद असू द्या.

मराठवाड्यात असं टेबल विभागीय आयुक्तांच्या ऑफिसात सहज बसू शकतं, आठ जिल्ह्यांचं एकत्र तिथंच येतं. सॉफ्टवेअर हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ती माणसं. देगलूर-धर्माबादकडं तेलुगू चालते, उदगीर-निलंग्याच्या कडेला कन्नड, शहरांत उर्दू पेपर निघतात आणि त्यात जे छापलं जातं ते मराठी पेपरात येईलच असं नाही, तांड्यावरची बोली तर वेगळीच. सोशल मीडियावर लोक जसं लिहितात, "पाणी लैच वंगाळ यायलंय, लेकरं आजारी पडायलेत", ते मशीनला धड कळत नाही, त्यात गावाचं नाव नसतं, नळाचा फोटो असतो आणि मागं शाळेच्या भिंतीवर अर्धं नाव रंगवलेलं असतं, ते ओळखायला त्या भागातलाच माणूस पाहिजे. दिवाळीनंतर बीड, धारूर, पाटोद्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या यंदा लवकर का निघाल्या ह्याचा अर्थ ज्याच्या घरातलं कुणी तोडीला गेलंय त्यालाच लागतो. म्हणून ही पदं कंत्राटी, सहा-सहा महिन्यांची ठेवून चालणार नाहीत, एफबीआयएसची ताकद त्यांच्या मशीनमध्ये नव्हती, वीस-वीस वर्षं एकाच देशाचा रेडिओ ऐकणाऱ्या माणसांत होती, त्यांना निवेदकाच्या एका बदललेल्या विशेषणावरून वास यायचा.

रोज सकाळी ह्या टेबलावरून पाच-सात ओळींचं एक पान निघावं, प्रत्येक ओळीशेजारी कुठून कळलं, सांगणारा किती भरवशाचा, गोष्ट किती खरी वाटते हे लिहिलेलं, आणि टेबलावरच्या माणसाला मंजुरीची वाट न बघता तहसीलदाराला किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्याला सरळ फोन करायची मुभा. पानात शेवटचा एक रकाना मोकळा ठेवायचा, कळवल्यावर काय निघालं ते भरायला. तो रकाना दर आठवड्याला भरला गेला तर वर्षभरात कोणत्या तालुक्याचा वार्ताहर पक्का आहे, कोणतं पेज उगाच आरडाओरड करतं, कोणत्या खात्याचा आकडा चार दिवस उशिरा येतो हे सगळं आपोआप कळत जाईल, आणि पुढच्या साली ए ते एफ लावताना अंदाज करावा लागणार नाही.